नागपूरला गेलेली हाडं

माझ्या खोलीला खिडकी नव्हती. एक्स-रेच्या खोलीला ती नसतेच. दाराला आतून शिशाचा पत्रा, जाड भिंती आणि एक पिवळट बल्ब. पांढरकवड्याला हायवेच्या कडेच्या एका लहान दवाखान्यात मी नोकरीची सगळी वर्षं त्या खोलीत काढली. बाहेर ऊन आहे की चिखल, हे मला पेशंटच्या चपलांवरून कळायचं.

संपादकांचा निरोप आला की दिवाळी अंकासाठी काहीतरी लिहा, जमलं तर गमतीदार. गमती आहेत. डोक्याचा फोटो काढायचा म्हणून केसांना तेल लावून भांग पाडून आलेला माणूस आहे. हसऱ्या चेहऱ्याने छाती पुढे काढून उभे राहिलेले नवरदेव आहेत. हरियाणाचा एक ट्रक ड्रायव्हर होता, त्याला मोडलेल्या बरगडीची फिल्म दोनदा हवी होती. एक डॉक्टरला आणि एक गाडीच्या मालकाला दाखवायला, कारण मालक म्हणत होता की हा नाटक करतो. पण त्या खोलीत मी बहुतेक वेळ एकटीच असायचे, तेव्हा लिहिताना तेही येणार. त्याला इलाज नाही.

आधी काम सांगते. लोकांना वाटतं, एक्स-रे काढणं म्हणजे बटण दाबणं. बटण हा त्यातला सगळ्यात छोटा भाग. पेशंटला नीट झोपवायचं, दुखरा हात हवा तसा वळवायचा, मग आपण पडद्यामागे जाऊन काचेतून ओरडायचं, श्वास घ्या, धरून ठेवा. तेवढा क्षण तो माणूस टेबलावर एकटा असतो. सोबत आलेली आई, बायको, मुलगा, सगळे दाराबाहेर काढलेले असतात. नंतर अंधाऱ्या खोलीत फिल्म धुवायची, वाळत घालायची. इथवरचं माझ्या आधीच्यांनीही केलं. माझ्या वाट्याला पुढचं आलं.

आमच्याकडे फिल्म वाचणारा तज्ज्ञ नव्हता. दवाखान्याचे मालक डॉ. वानखडे बाळंतपणापासून विंचवापर्यंत सगळं बघायचे. सरळ मोडलेलं हाड त्यांना कळायचं. पण बारीक भेग किंवा छातीतली धूसर सावली दिसली की त्यांना दुसरे डोळे हवे असायचे. ते डोळे नागपूरला होते. पूर्वी फिल्म एसटीने जायची आणि तिकडचा कागद येईपर्यंत पेशंट एकतर बरा झालेला असायचा किंवा गावी निघून गेलेला. मग डॉक्टरसाहेबांनी फिल्मचं चित्र कॉम्प्युटरमध्ये घेणारं एक मशीन आणलं, इंटरनेटची लाइन घेतली आणि मला समोर बसवलं.

मशीनमध्ये फिल्म घातली की तिच्या आरपार उजेड जायचा आणि कॉम्प्युटरवर चित्र उमटायचं. त्यात रंग नाही. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत नुसता राखाडी, पण त्या राखाडीच्या इतक्या छटा की पावसाळी आभाळात नसतील. ही फाइल काहीही न गाळता, न दाबता जशीच्या तशी ठेवायची, म्हणून फार जड. आमची लाइन बारीक. अशा चार फायली सुट्या पाठवायच्या म्हटलं तर दुपार सरायची. म्हणून एका पेशंटच्या सगळ्या फायली एकत्र बांधायच्या, दाबायच्या आणि एकच गाठोडं पाठवायचं. त्याला आम्ही झिप म्हणायचो.

इथे एक गोष्ट समजून घ्या, कारण माझं अर्धं आयुष्य ती लोकांना समजावण्यात गेलं. चित्र लहान करायच्या दोन तऱ्हा. लग्नाचे फोटो लहान करतात तेव्हा डोळ्याला उणीव जाणवणार नाही असं वाटतं ते कॉम्प्युटर फेकून देतो. ते परत येत नाही. दुसरी तऱ्हा आमच्या भागात कोणालाही कळेल. कापसाच्या जिनिंगमध्ये रुई दाबून गठाण बांधतात, पट्ट्या तोडल्या की तितकीच रुई बाहेर येते, एक तंतू कमी नाही. आमचं काम ह्या दुसऱ्या तऱ्हेचं. एकदा डॉक्टरसाहेबांच्या भाच्याने शहाणपणा करून मनगटाची फिल्म लग्नाच्या फोटोसारखी लहान करून पाठवली. झटकन गेली. त्याहून झटकन नागपूरचा फोन आला.

"हे कुणी पाठवलं?" पलीकडे बाईचा आवाज होता. "अल्बमात लावायला छान आहे. वाचायला मला खरं चित्र पाठवा."

त्या घाटे मॅडम. नागपूरच्या रेडिओलॉजिस्ट. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, त्यांनी मला नाही. माझं गाठोडं जायचं, त्या उघडायच्या, वाचायच्या, आणि रिपोर्ट लिहायच्या आधी फोन करायच्या. पेशंट कसा झोपतो, धाप लागते का, कुठे हात लावला की ओरडतो, हे सगळं विचारायच्या. मी सांगायची. फोन ठेवताना त्यांचं एक वाक्य ठरलेलं असायचं, "जेवलीस का?" हे मला दुसरं कोणी विचारणारं नव्हतं.

माझं घर पोलीस स्टेशनच्या मागच्या मोहल्ल्यात. अब्बा हायवेवर ट्रकचे रेडिएटर दुरुस्त करायचे. मला नोकरी लागली तेव्हा त्यांना सगळ्यात जास्त आनंद झाला. म्हणायचे, "मैं गाडी का सीना देखता, मेरी बेटी आदमी का." अब्बा गेले, अम्मी गेली, दोन्ही भाऊ हैदराबादला गॅरेज टाकून तिकडचेच झाले. लग्नाचं एकदोनदा जमत आलं आणि राहिलं. घरी गेल्यावर रेडिओ लावायचा तो आवाजासाठी. म्हणजे दिवसभर मी लोकांना बाहेर काढून दार लावायची, आणि संध्याकाळी माझ्यामागे दार लावणारं कोणी नव्हतं.

ती कापसाची वाईट वर्षं होती. त्यावर पुष्कळ लिहून झालंय, मी फक्त माझ्या टेबलावरून काय दिसलं ते सांगते. फवारणीच्या दिवसांत छातीच्या फिल्म वाढायच्या. वेचणीच्या दिवसांत दवाखाना ओस पडायचा आणि ज्याला त्याला दुखणं पुढे ढकलायचं असायचं. "कापूस निघू द्या, मंग येतो," असं सांगून माणूस जायचा. भाव पडला की तो यायचाच नाही. आला तर मोडलेलं हाड वाकडं जुळलेलं असायचं.

अशाच एका वेचणीच्या हंगामात लक्ष्मण आत्राम आला. कोलाम आदिवासींच्या वस्तीला आमच्याकडे पोड म्हणतात, तशा जंगलाकडच्या एका पोडावरचा. आदल्या दिवशी तो कापूस भरलेल्या मेटॅडोरच्या टपावर बसून जिनिंगकडे येत होता. गतिरोधकावर गाडी उसळली आणि हा खाली. स्वतःच उठला, पडलेला दुपट्टा उचलला, पायी घरी गेला. सकाळी बायकोबरोबर एसटीने आला. माझ्या दारात उभा राहिला तेव्हा त्याने स्वतःचं डोकं दोन्ही हातांनी धरलेलं होतं, भरलेली घागर धरावी तसं. बाकावरचे लोक हसत होते. तोही थोडा हसला, पण हात काढले नाहीत.

मी म्हटलं, भाऊ, हात खाली करा. तो म्हणाला, "नाई करत बाई. सोडलं का डोस्कं गयते."

त्याची बायको सोनाबाई, सडसडीत, कपाळावर गोंदलेली, एकटक बघणारी. तिला बाहेर थांबायला सांगितलं तर तिने विचारलं, आत काय करता. मी सांगितलं, मानेचा फोटो काढते आणि नागपूरला पाठवते. तिने विचार केला. "मंग त्याची मान इथंच राह्यते नं?" मी म्हटलं राहील. अशी शंका पुष्कळांना यायची. एक म्हातारी तर हाडं नागपूरहून परत येईपर्यंत उठायलाच तयार नव्हती. पण सोनाबाईच्या विचारण्यात भाबडेपणा नव्हता. माझ्या शब्दावर किती वजन टाकायचं, ते ती तपासत होती.

मी फिल्म काढल्या. एक बाजूने, एक समोरून, आणि एक तोंड उघडायला लावून, दातांच्या मधून दिसणाऱ्या मणक्यांची. डॉक्टरसाहेबांनी त्या उजेडाच्या पेटीवर लावल्या आणि तिसरीजवळ डोळे नेले. तोंडातून काढलेल्या फिल्ममध्ये एक रेघ होती. किंवा दाताची सावली होती. राखाडीवर राखाडी. त्यांनी लक्ष्मणला पाठीवर निजवलं, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या ठेवल्या आणि मला बाहेर बोलावलं.

"नसीमाबाई, मोडलं असन तं ह्या माणसाले हलवाचं नाई. या रस्त्यानं नागपूरले नेलं तं वाटेतच जाईन. अन् मोडलं नसन तं मी त्याले फुकटचा बांधून ठेवून राह्यलो, वेचणी सोडून. मॅडमले इचारा."

मी तिन्ही फायली केल्या, गाठोडं बांधलं, पाठवायला गेले तर लाइन मेलेली. त्या दिवसांत हायवे चौपदरी करायचं काम चालू होतं आणि खोदताना गावाबाहेर केबल तुटली होती. दवाखान्यातला फोनही बंद. मोबाइल चालत होता, पण त्या काळच्या मोबाइलवरून बोलता यायचं, मान पाठवता यायची नाही.

मी मॅडमना फोन लावला. रेघेचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "रेघ मला बघावीच लागेल. ऐकून नाही सांगता येणार. कुठूनही पाठव, मी खुर्चीवरून उठत नाही."

आमच्यापासून जवळचं मोठं गाव म्हणजे पैनगंगेपलीकडे आदिलाबाद. तेव्हाचं आंध्र. मी दोन सीडी केल्या. एकीवर गाठोडं आणि दुसरीवर सुट्या फायली. सोनाबाईला सांगितलं की फोटो घेऊन जाते, उत्तर आलं की फोन करते. ती नवऱ्याच्या उशाशी बसली होती. तिने विचारलं, "तूच जातं?" मी हो म्हटलं. एवढंच बोलणं झालं.

बस मिळाली नाही, अब्बांच्या ओळखीचा एक ट्रकवाला हैदराबादकडे निघाला होता, त्याने घेतलं. रस्ता खणलेला, गाडी बैलगाडीच्या चालीने. मी सीडी मांडीवर धरून बसले होते. मला आतून सारखं वाटत होतं की तिकडे कोणीतरी त्या माणसाला उचलून बसवेल. आपल्याकडे आजारी माणसाला पाणी पाजायचं तर आधी उठवून बसवतात.

आदिलाबादला स्टँडजवळ नेटची दुकानं होती. पहिल्यात वीज नव्हती. दुसऱ्यात पोरं गोळीबाराचे खेळ खेळत होती, मालक तेलुगू आणि मोडकं हिंदी बोलायचा. मी सांगितलं, पेशंट का फोटो भेजना है. त्याने एका पोराला उठवून जागा दिली. मी गाठोडं लावलं. लाइन आमच्यापेक्षा बरी होती तरी पट्टी मुंगीच्या चालीने सरकत होती. गेलं एकदाचं. मॅडमना फोन केला.

थोड्या वेळाने त्यांचा फोन आला. "उघडत नाही. तुटलंय काहीतरी."

दाबून बांधलेल्या गाठोड्याचा हा एक दोष आहे. वाटेत एखादा दुवा तुटला की नुसता एक कोपरा जात नाही, सगळंच अडतं. परत तेच पाठवण्यात अर्थ नव्हता, कदाचित सीडीवरच बिघडलं होतं. मी सुट्या फायलींची दुसरी सीडी घातली आणि प्रत्येक फिल्मचं वेगळं गाठोडं बांधायला घेतलं, म्हणजे एक बुडालं तरी बाकीची पोचावीत. तोंडातून काढलेली फिल्म आधी. मागे पोरं ओरडत होती, कॉम्प्युटरमधून बंदुका वाजत होत्या, आणि मी त्या राखाडी पट्टीकडे बघत बसले होते. इतकं एकटं मला आमच्या बिनखिडकीच्या खोलीतही कधी वाटलं नव्हतं. तिथे निदान माझं काम काय हे सगळ्यांना माहीत होतं.

पहिलं गाठोडं गेलं. मॅडमनी फोन ठेवलाच नाही, मला त्यांच्या माउसचा आवाज ऐकू येत होता. मग म्हणाल्या, "उघडलं." मग म्हणाल्या, "नसीमा, दुसऱ्या मणक्याचा दात मोडलाय. त्याला अजिबात हलवू देऊ नकोस. वानखड्यांना लगेच सांग, मी इकडे सर्जनशी बोलते."

आपल्या मानेतल्या दुसऱ्या मणक्याला वर एक सुळका असतो, त्याला दात म्हणतात. जात्याच्या मधल्या खिळीवर वरची पाळी फिरते तसं आपलं डोकं त्यावर फिरतं. तो मोडला आणि सरकला तर माणूस तिथल्या तिथे जातो. आणि हा माणूस पायी घरी गेला होता, एसटीत बसून आला होता. त्याला त्याच्या दोन हातांनी वाचवलं होतं.

मी डॉक्टरसाहेबांना फोन केला. त्यांनी ऐकून घेतलं आणि मोठा श्वास सोडला. मी परत पोचले तेव्हा दिवस कलला होता. मी नसताना काय झालं ते नर्सने सांगितलं. दुपारी पोडावरची माणसं जीप घेऊन आली होती. त्यांना वाटलं, डॉक्टर उगाच ठेवून घेतोय. वस्तीवर मान चोळून बसवणारा एक माणूस आहे, त्याच्याकडे नेऊ. डॉक्टरसाहेब नेमके एका अडलेल्या बाळंतपणात होते. माणसांनी लक्ष्मणला उचलायला हात घातला, तेव्हा सोनाबाई आडवी झाली. सासऱ्यालाही तिने मागे सारलं. तिचं म्हणणं एकच होतं. ती बाई फोटो घेऊन गेली आहे, ती सांगेपर्यंत याला कोणी हात लावायचा नाही.

मी वॉर्डात गेले तर ती खाटेच्या डोक्याशी बसलेली होती. वाळूच्या पिशव्या तिने बाजूला ठेवल्या होत्या आणि त्यांच्या जागी स्वतःचे दोन्ही हात लावले होते. दुपारपासून तशीच, डॉक्टरसाहेबांनी सांगूनही. बोटं पांढरी पडली होती. मी सांगितलं, मोडलंय, पण बरा होईल, हलवायचं नाही. तिने मान हलवली.

"मले माईत होतं तू येशीन," ती म्हणाली.

मी तिचे हात एकेक करून सोडवले आणि पिशव्या परत लावल्या. हात मिटतच नव्हते तिचे. मी ते माझ्या हातांत धरून चोळत बसले. कोणाचा हात फिल्मवर नीट ठेवण्यासाठी मी हजारदा धरला असेन. नुसता धरायला धरला असा तो पहिलाच.

नागपूरच्या सर्जनने फोनवर सांगितलं तसं डॉक्टरसाहेबांनी त्याच्या डोक्याला वजन लावून मान ताणून ठेवली. नीट अँब्युलन्स मिळेपर्यंत काही दिवस ती दोघं आमच्याकडेच होती. सोनाबाई दुपारी माझ्या खोलीच्या उंबऱ्याशी येऊन बसायची. मी गाठोडी बांधायची, ती बघायची. एकदा तिने विचारलं, घरी कोण आहे. मी सांगितलं, कोणी नाही. ती म्हणाली, "मंग दोनी डाव सयपाक कायले करतं? एक डाव कर, अन् सकाळी शिळं खात जा." मी इतकी हसले की नर्स बघायला आली. त्या दिवसापासून मी तिच्यासाठीही डबा आणायला लागले. मग अँब्युलन्स आली आणि ती दोघं गेली.

उन्हाळ्यानंतर लक्ष्मण आपल्या पायांनी आला. हात मोकळे. मान थोडी कमी वळायची, पण वळायची. मी पुन्हा तीच फिल्म काढली, गाठोडं पाठवलं. मॅडमनी रिपोर्टच्या आधी फोनवर एकच शब्द सांगितला, "जुळलं." सोनाबाई मात्र आली नव्हती. खुरपणीला गेली होती. तिची माझी पुन्हा गाठ पडली नाही. मी पोडावर जाईन म्हणत राहिले, पण एक्स-रेची खोली सोडून निघणं सोपं नसतं.

पुढे नवं मशीन आलं. फिल्म गेली, अंधारी खोली गेली, चित्र आपोआप नागपूरला जाऊ लागलं. गाठोडं बांधायचं काम संपलं. रिपोर्टखाली वेगवेगळी नावं यायला लागली आणि फोन कोणी करेना. तसं कारणही उरलं नव्हतं. मॅडमनी काम कमी केलं असेल असं मी धरून चालले. त्या दरवर्षी म्हणायच्या, एकदा ये नागपूरला. मी दरवर्षी म्हणायची, बदली माणूस मिळाला की येते.

निवृत्त झाले तेव्हा बदली माणसाचा प्रश्न सुटला. फोन केला. त्यांच्याकडे काम करणाऱ्या बाईने उचलला आणि पत्ता सांगितला. मी गेले. धरमपेठेकडचं जुनं शांत घर. मॅडम पुढच्या खोलीत खुर्चीत बसल्या होत्या, माझ्या मनातल्यापेक्षा खूपच लहान चणीच्या. मी दारात उभी राहून आदाब केला, तर त्या माझ्या थोडं बाजूला, भिंतीकडे बघून हसल्या. तेव्हा मला कळलं. डोळे गेले होते. मधलं आधी जातं, मग कडेचं, असं त्यांनी नंतर शांतपणे सांगितलं, एखाद्या पेशंटचा रिपोर्ट सांगावा तसं.

मला रडू आलं. त्यांच्या लक्षात आलं असणार.

"अगं, रडतेस कशाला? आपण कधी एकमेकींना पाहिलंय? बोल तू. माझ्यासाठी काही बदललेलं नाही."

मग आम्ही बोललो. पेशंट, डॉक्टरसाहेबांचं वय, हायवे. चहा झाला, दुसरा झाला. मध्येच त्यांनी विचारलं, "तू दिसतेस कशी?"

मी हजारो माणसांच्या आतलं बाहेरचं त्यांना फोनवर सांगितलं होतं. कुठे सूज आहे, कुठे सावली आहे. हे मला कोणी विचारलं नव्हतं आणि सांगता येईना. मी म्हटलं, उंच आहे. केस पिकलेत, मेंदी लावत नाही. नाक अब्बांचं. डाव्या भुवईत लहानपणीची खोक आहे. त्या डोळे मिटून ऐकत होत्या, गाठोडं उघडायची वाट बघताना बसत असतील तशा. म्हणाल्या, आणखी सांग. मी आणखी सांगितलं. खोलीत अंधार झाला होता आणि दिवा लावायचं मला सुचलं नाही, त्यांना तर त्याची गरजच नव्हती.

मग मी घड्याळ बघून म्हटलं, मॅडम, पांढरकवड्याची गाडी आहे, निघायला हवं.

त्या म्हणाल्या, "घरी कोणी वाट बघतंय का?"

मी म्हटलं, नाही.

"मग राहा ना आज."

मी राहिले.